खुंटी, फळी आणि सुखाचा प्रश्न

मोटरसायकलवर बसणाऱ्याच्या पायांना मुख्यतः दोन प्रकारचे आधार मिळतात. एक म्हणजे इंजिनाच्या दोन्ही अंगांना बाहेर आलेली, वीतभरही लांब नसलेली, रबराची खोळ चढवलेली आडवी खुंटी. हौशी मंडळी तिला फूटपेग म्हणतात, गॅरेजमध्ये ती सरसकट ‘फुटरेस्ट’ असते. दुसरा म्हणजे अख्खे पाऊल मावेल अशी सपाट, रबरी पट्ट्यांची फळी, अर्थात फूटबोर्ड. हार्ले-डेव्हिडसन आणि इंडियन या अमेरिकी कंपन्यांच्या लांब पल्ल्याच्या जड गाड्यांना ती मुळातच असते, बुलेटला ती हौसेने बाहेरून बसवून घेतली जाते, आणि स्कूटरला तर तिच्याखेरीज दुसरे काही नसते. दोहोंपैकी सुखाचे कोणते, हा प्रश्न दुकानाच्या काउंटरवर विचारला जातो आणि तिथे त्याचे उत्तरही पाच मिनिटांत मिळते. पण त्या उत्तरात ‘सुख’ हा शब्द ज्या सहजपणे येतो, तो सहजपणा तत्त्वचिंतकांना कधी परवडलेला नाही. खुंटी आणि फळी यांत निवड करणारा, त्याला ठाऊक असो वा नसो, सुख म्हणजे काय याची एक व्याख्याही निवडत असतो.

आधी शरीराचा हिशेब. गाडीवर बसलेल्याचा भार बैठक, हँडल आणि पाय अशा तीन ठिकाणी वाटला जातो, आणि पायांची जागा बदलली की उरलेल्या दोन्ही ठिकाणचा वाटा बदलतो. खुंटी कमरेच्या जवळपास खाली असेल तर खड्डा दिसताच बसणारा नकळत तळव्यांवर जोर देतो, बैठकीवरून बोटभर उठतो, आणि हिसका गुडघ्यांत जिरतो. खुंटी मागे आणि वर असेल, जशी शर्यतीच्या धाटणीच्या गाड्यांना असते, तर गुडघे दुमडतात, धड पुढे झुकते आणि मनगटे भरून येतात. पाय पुढे पसरले, म्हणजे बहुतेक फूटबोर्डवर ते असतात तसे ठेवले, की मांड्या मोकळ्या होतात. त्याच वेळी पायांनी उचलायचा भार माकडहाडावर येतो आणि खड्ड्याचा हिसका थेट कण्यात चढतो. एका जागी दिलेला आराम दुसऱ्या जागेकडून वसूल होतो.

खुंटीचे दुखणे ओळखीचे आहे. जुन्या एकसिलिंडर बुलेटवर तासभर झाला की रबराचा उंचवटा तळव्याच्या कमानीत रुतू लागतो. चामडी बूट असेल तर उशिरा, पातळ तळाची चप्पल असेल तर लवकर. इंजिनाची थरथर त्या एवढ्याशा जागेतून पोटरीपर्यंत चढते, करंगळीच्या बाजूने मुंग्या येतात, आणि चौकात थांबून पाय जमिनीला टेकवला तर क्षणभर जमीनच थरथरते आहे असे वाटते. फळीवर हे होत नाही, कारण दाब टाचेपासून चवड्यापर्यंत पसरतो आणि पाऊल पुढेमागे सरकवता येते. मात्र फळीवर ठेवलेल्या पावलाचा चवडा गिअरच्या दांडीखाली घालणे अडचणीचे, म्हणून तिथे टाचेनेही दाबता येईल अशी दुतोंडी दांडी लागते. भारतात ही दांडी खुंटीच्या गाड्यांनाही सर्रास दिसते, पण तिचे कारण वेगळे आहे: चपलेतल्या उघड्या बोटांना आणि ऑफिसच्या पॉलिश केलेल्या बुटाला खालून वर ढकलण्याचा जाच नको.

वळणावर मात्र फळीचे मोठेपण आडवे येते. गाडी कलली की फळीची कड आधी रस्त्याला घासते. मोठ्या टूरिंग गाड्यांत हे साधारण ३० अंशांच्या कलाला घडते, आणि म्हणून फळीला बिजागरी दिलेली असते. तीच तऱ्हा खुंटीची, पण ती बरीच उशिरा घासते. आंबेनळी किंवा वरंध घाटात एकामागून एक वळणे घेताना हा फरक कानांना ऐकू येतो. फळी ज्या मुलखात रुजली तिथले महामार्ग तासन्‌तास सरळ जातात. महाराष्ट्रात तसे रस्ते म्हणजे मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग, आणि या दोन्हींवर दुचाकींना बंदी आहे. फळीच्या सुखाला सर्वांत योग्य असे रस्ते फळीवाल्याला खुले नाहीत, हे जाता जाता नोंदवण्यासारखे.

पायांच्या आधाराचा इतिहास मोटरसायकलहून फार जुना आहे. खुंटीची पूर्वज म्हणजे रिकीब. भारतातील रिकिबीच्या सर्वांत जुन्या खुणा म्हणून सांची, मथुरा आणि लोणावळ्याजवळच्या भाजे येथील इसवी सनापूर्वीच्या काळातील शिल्पांकडे बोट दाखवले जाते. भाज्याच्या विहारात सूर्याच्या रथाचे मानले जाणारे जे शिल्प आहे, त्यातल्या घोडेस्वारांत ही खूण सापडते. ती धातूची कडी नव्हे, पाय अडकवण्यापुरता पट्टा किंवा दोरीचा फास. अनवाणी स्वाराला अंगठ्याचा आधारही पुरतो. बूट घालणाऱ्या थंड प्रदेशात पुढे अख्खा चवडा मावेल अशी रिकीब घडली. तिच्यावर उभे राहता येते, आणि तिचा खरा उपयोग तोच: घोडा उधळला तरी स्वाराने त्याच्याबरोबर उसळू नये. फळीचे कूळ याच्या उलट. ती रथाची, टांग्याची, बैठ्या प्रवाशाची. तिथे पाय काम करत नाहीत, ते ठेवलेले असतात.

दुचाकीवर ही दुसरी परंपरा पूर्णत्वाला नेली ती व्हेस्पाने. इटलीच्या पियाज्जिओ कंपनीसाठी १९४६ साली ती स्कूटर घडवणारा कोर्रादिनो दास्कानियो हा विमानांचा अभियंता होता, आणि मोटरसायकल त्याला मुळीच आवडत नसे. त्याने इंजिन मागच्या चाकापाशी नेले, गिअर डाव्या मुठीत दिले आणि पायांसमोर सपाट जागा मोकळी केली. पुण्याजवळच्या आकुर्डीत बजाजने आधी व्हेस्पा परवान्यावर बांधली आणि १९७२ पासून चेतक. चेतकवर पायाला एकच काम उरले, उजव्या पायाने मागचा ब्रेक दाबण्याचे. गिअर नसलेल्या स्कूटर आल्या आणि तेही गेले. आज त्या फळीवर काय असते हे कोणत्याही मंडईबाहेर पाहावे: भाजीची पिशवी, गॅसची टाकी, शाळेचे दप्तर, आणि हँडलला धरून उभे राहिलेले चार वर्षांचे मूल. पाय दोन्ही कडांना कसेबसे टेकलेले असतात. पायांच्या सुखासाठी मोकळी केलेली जागा संसाराने घेतली, आणि चालवणाऱ्याची त्याबद्दल सहसा तक्रार नसते.

सुखाची सर्वांत सोपी व्याख्या म्हणजे दुःख नसणे. फळीचा विक्रेता हीच व्याख्या धरून बोलतो: पाय दुखणार नाहीत. न्यायदर्शनात यावर एक जुना दाखला आहे. डोक्यावरचा भारा खाली ठेवला की माणूस ‘सुखी झालो’ म्हणतो. प्रत्यक्षात त्याला काही मिळालेले नसते, फक्त भार गेलेला असतो. मोक्षात सुख असते की केवळ दुःखाचा शेवट असतो या वादात नैयायिक हा दाखला पुढे करतात. पण त्याच परंपरेतला अन्नंभट्ट ‘तर्कसंग्रहा’त सुख आणि दुःख हे दोन वेगळे गुण मानतो. जे सर्वांना अनुकूल वाटते ते सुख, प्रतिकूल वाटते ते दुःख. एकाचा अभाव म्हणजे दुसरे नव्हे. या भेदाचा उपयोग इथे होतो. पाय न दुखणे ही एक गोष्ट, आणि गाडीवर बसणे अनुकूल वाटणे ही दुसरी. दुखणे शून्यावर आले तरी अनुकूलता येईलच असे नाही. जे फळीवरून पुन्हा खुंटीवर येतात त्यांची तक्रार बहुधा हीच असते की, पाय दुखत नव्हते, पण गाडी आपल्या हातात, म्हणजे खरे तर पायांत, राहिली नव्हती.

त्या व्याख्येतला ‘सर्वांना’ हा शब्दही विचारात पाडणारा आहे. पाच फुटांच्या माणसाला जी खुंटी नेमकी जागेवर वाटते, तीच सहा फुटी माणसाचे गुडघे टाकीला टेकवते. सकाळी अनुकूल असलेले दुपारी प्रतिकूल होते. दुकानाबाहेर दहा मिनिटे फिरवून पाहणारा जे तपासतो ते पहिल्या दहा मिनिटांचे सुख असते, आणि पहिल्या दहा मिनिटांत जवळपास प्रत्येक आसन सुखाचे असते.

प्लेटोच्या ‘फीडो’ या संवादात सॉक्रेटिसला मृत्युदंड व्हायचा दिवस आहे. सकाळी त्याच्या पायातली बेडी काढतात. तो पाय दुमडतो, जिथे बेडी रुतत होती तिथे हाताने चोळतो आणि म्हणतो की, सुख आणि दुःख ही चमत्कारिक जोडी आहे. दोन्ही एकाच वेळी माणसाकडे येत नाहीत, पण एकाचा पाठलाग करावा तर दुसरे मागोमाग येतेच, जणू दोन धडांना एकच डोके जोडलेले. घाट उतरून टपरीवर थांबलेला, बूट काढून तळवा चोळणारा मोटरसायकलस्वार नेमका हेच अनुभवतो. त्या चोळण्यात जे सुख आहे ते फळीवाल्याच्या वाट्याला येत नाही. ते सुख मोजायचे की नाही? मोजले तर खुंटीचे दुःख तिच्या जमेच्या बाजूला लिहावे लागते, आणि असा हिशेब कोणताही शहाणा माणूस करणार नाही. चोळण्यात सुख मिळते म्हणून कोणी बेडी घालून घेत नाही.

या प्रश्नावर सर्वांत खोल जाणारे विधान मात्र बौद्ध वाङ्मयात आहे. पाचव्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोषाने लिहिलेल्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथात ते येते. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी यांनी ज्याच्या संपादनात आयुष्याची कित्येक वर्षे घातली तो हाच ग्रंथ. पालीत चालणे, उभे राहणे, बसणे आणि निजणे या चार शरीरस्थितींना इरियापथ असा शब्द आहे. बुद्धघोष म्हणतो की, वस्तूंची अनित्यता सातत्यामुळे झाकली जाते, अनात्मता घनपणामुळे, आणि दुःख झाकले जाते ते इरियापथामुळे. म्हणजे असे: माणूस बसून अवघडला की उठतो, उभा राहून थकला की टेकतो, एक मांडी दुखली की दुसरी घालतो. प्रत्येक बदल दुखणे वर येण्याआधीच त्याला बाजूला करतो. त्यामुळे शरीर मुळातच त्रासाचे घर आहे हे त्याच्या कधी ध्यानातच येत नाही. दुखणे संपत नाही, त्याला फक्त जागा बदलून दिली जाते.

फूटबोर्डचे सगळे गुण एका वाक्यात सांगायचे तर हेच सांगावे लागेल. फळीचा फायदा मऊपणात नाही, पाऊल सरकवता येण्यात आहे. पुण्याहून कोल्हापूरला निघालेला स्वार साताऱ्यापर्यंत चवडे पुढे ठेवतो, पुढे टाचा मागे घेतो, एक पाय तिरका करतो, मग पुन्हा सरळ. हे बदल इतके बारीक असतात की पोहोचल्यावर त्याला एकही आठवत नाही. विचारले तर तो सांगेल, पायांकडे लक्षच गेले नाही. खुंटीवरचा स्वारही बदल करतोच. तो पाय लोंबकळत सोडतो, लेगगार्डवर टाकतो, मोकळ्या रस्त्यावर उभा राहतो. पण त्याचा प्रत्येक बदल ठळक असतो, जाणूनबुजून केलेला असतो, आणि मागून येणाऱ्यालाही दिसतो. दुखणे दोघांनाही आहे. एकाचे झाकलेले राहते, दुसऱ्याचे तासातासाने उघडे पडते.

यावरून खुंटी अधिक सत्यनिष्ठ आणि फळी फसवी असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, पण तो चुकीचा आहे. बुद्धघोष विपश्यना करणाऱ्या साधकाशी बोलतो आहे. दुःख पाहणे हे त्या साधकाचे काम आहे. महामार्गावर ताशी ८० किलोमीटरने जाणाऱ्याचे काम रस्ता पाहणे आहे. त्याचे लक्ष तळव्यातल्या मुंग्यांवर गेले तर समोरच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीवरून ते तेवढे कमी होते. साधकाला जे झाकण अडथळा वाटते तेच स्वाराला उपकारक ठरते. दुःख झाकले जाणे चांगले की वाईट, हे त्या वेळी लक्ष कशाला द्यायचे आहे यावर ठरते. विसुद्धिमग्गाचे विधान मात्र दोन्हीकडे खरेच राहते. फळी सुख देत नाही, ती दुःखाची जाणीव लांबणीवर टाकते, आणि एवढ्यासाठी पैसे मोजणे मुळीच वेडेपणाचे नाही.

योगदर्शन उलट बाजूने येते. पतंजलीने आसनाला जेमतेम तीन सूत्रे दिली आहेत. पहिल्यात आसन स्थिर आणि सुखाचे असावे असे म्हटले आहे, दुसऱ्यात ते साधण्याचा उपाय आहे, तिसऱ्यात त्याचे फळ. यातले दुसरे इथे महत्त्वाचे. आसन साधते ते प्रयत्न सैल केल्याने आणि अनंताच्या ठायी चित्त लागल्याने. ‘प्रयत्न सोडल्याने’ असे पतंजली म्हणत नाही. नवशिका स्वार खुंटीवर पाय आवळून धरतो, पोटऱ्या ताठ, बोटे बुटात वळलेली. अर्ध्या तासात तो थकतो आणि दोष खुंटीला देतो. सहा महिन्यांनी तोच माणूस त्याच खुंटीवर तीन तास बसतो. खुंटी बदललेली नसते, आवळलेपण सुटलेले असते. फळीवर पायाला प्रयत्नच नसल्याने तो सैल करायला शिकावे लागत नाही. हा फळीचा गुणही आहे आणि मर्यादाही. योगभाष्यात व्यासाने आसनांची जी यादी दिली आहे तीत ‘सोपाश्रय’, म्हणजे आधार घेऊन बसणे, हेही एक आसन आहे, आणि शेवटी ‘यथासुख’ आहे, ज्याला जसे सुखाचे तसे. बाह्य आधार घेण्यात भाष्यकाराला कमीपणा दिसलेला नाही.

मात्र योगाचे आसन स्थिर जमिनीवर आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायातली बैठकही फार उंच नाही, फार सखल नाही, आणि ती हलत नाही. मोटरसायकलची बैठक हलते. ती कलते, उसळते, ब्रेक लागला की पुढे ओढते. हलत्या बैठकीवरचे स्थैर्य म्हणजे न हलणे नव्हे. बैठकीबरोबर हलणे, आणि तेही तिच्या किंचित आधी. यासाठी पायाला खालून सतत बातमी यावी लागते. आंधळ्याच्या काठीचा दाखला देकार्तने प्रकाशशास्त्रावर लिहिताना दिला, आणि १९४५ साली फ्रेंच तत्त्वज्ञ मेर्लो-पोंती याने तो शरीराच्या संदर्भात पुन्हा घेतला: सराव झाला की काठी हातात जाणवत नाही, काठीच्या टोकाशी जमीन जाणवते. खुंटी ही तशी काठी आहे. सरावलेल्या स्वाराला तळव्याखाली रबर जाणवत नाही. मागचे चाक वाळूवर गेले आहे, साखळी सैल आहे, इंजिन ओढीत आहे हे जाणवते. फळीच्या जाड रबरातून हीच बातमी अर्धवट येते. पाय शांत राहतात, कारण त्यांना काही कळवलेले नसते.

भगवद्‌गीतेच्या अठराव्या अध्यायात सुखाचे तीन प्रकार आहेत: आधी विषासारखे आणि शेवटी अमृतासारखे ते सात्त्विक, आधी अमृत आणि शेवटी विष ते राजस, आणि झोप, आळस व बेसावधपणातून येणारे ते तामस. खुंटीच्या भक्तांना हे वर्गीकरण फार सोयीचे वाटते. खुंटी सात्त्विक, फळी राजस, आणि मागे टेकून पाय पसरणारा तामस. पण गीतेत सात्त्विक सुखाचा उगम आत्मबुद्धीच्या प्रसन्नतेत सांगितला आहे, सोसण्यात नव्हे. चुकीच्या उंचीच्या खुंटीवर पाचशे किलोमीटर गेलेल्या माणसाला शेवटी अमृत मिळत नाही, फिजिओथेरपिस्ट मिळतो. नुसत्या त्रासाला तप म्हणणारे सगळीकडेच भेटतात, आणि मोटरसायकलवाल्यांत जरा जास्तच.

त्रास आणि तप यांतला हाच गोंधळ एका जुन्या कथेत पायांवरूनच सोडवला आहे. विनयपिटकातील महावग्गात सोण कोळिविस नावाचा श्रीमंत घरचा तरुण येतो. तळव्यांवरही केस असावेत इतका तो सुकुमार. भिक्षू झाल्यावर तो चालत ध्यान करी, आणि एकदा इतका चालला की तळवे फाटून चंक्रमणाची वाट रक्ताने माखली. बुद्धाने त्याला वीणेचा दाखला दिला: तारा फार ताणल्या की वीणा नीट वाजत नाही, फार सैल केल्या तरी नाही. इथपर्यंतची कथा सर्वांना माहीत असते. पुढचा भाग कमी सांगितला जातो. बुद्धाने सोणाला पायात एकपदरी वहाण घालायची परवानगी दिली. सोणाने ती नाकारली. एवढी संपत्ती सोडून आलेला हा माणूस आता वहाणेत अडकला, असे लोक म्हणतील. परवानगी द्यायची तर सगळ्या संघाला द्यावी. तशी ती दिली गेली.

त्याच प्रकरणात आणखी एक तपशील आहे आणि तो दख्खनच्या वाचकाला जवळचा वाटावा. अवंती-दक्षिणापथातल्या भिक्षूंच्या वतीने बुद्धाकडे विनंती येते: आमच्याकडची जमीन काळी आहे, खरबरीत आहे, गुरांच्या खुरांनी तुडवून कठीण झालेली आहे, तेव्हा अनेकपदरी वहाणेला परवानगी मिळावी. तिकडच्या भिक्षूंना अनेकपदरी वहाणेची मुभा मिळते. काळ्या मातीत उन्हाळ्यात वाळलेल्या खुरांच्या ठशांवरून जो अनवाणी चालला आहे त्याला ही विनंती समजावून सांगावी लागणार नाही. पायांना किती आधार द्यायचा हे इथे साधकाच्या निग्रहावर सोडलेले नाही, जमीन पाहून ठरवले आहे. हाच निकष मोटरसायकलला लावला तर निवड बरीच उकलते. घाट, खडी, गावाकडचा कच्चा रस्ता जास्त असेल तर उभे राहता येईल अशी खुंटी, कमरेच्या खाली, रुंद आणि खाचेदार. सरळ, गुळगुळीत रस्त्यावर चार-पाच तासांचे अंतर वारंवार कापायचे असेल तर फळी. गुडघा ९० अंशांहून फार आवळून दुमडावा लागत असेल तर खुंटी बदलण्याआधी ती दोन बोटे खाली घेणारा कंस लावून पाहावा. बऱ्याच वेळा दोष प्रकारात नसून जागेत असतो.

सोणाने मात्र जमिनीचा मुद्दा मांडला नव्हता. त्याचा मुद्दा होता की सुखाची सोय एकट्यापुरती घेऊ नये. मोटरसायकलवर दुसरा माणूस मागे बसलेला असतो आणि खुंटी-फळीच्या वादात त्याला कोणी विचारत नाही. चालवणाऱ्याच्या हातात हँडल असते. खड्डा येणार हे त्याला आधी दिसते. मागच्याला खड्डा आल्यावरच कळतो, आणि त्याचे पाय तर सहसा आणखी उंच खुंटीवर असतात. भारताच्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम मागे बसणाऱ्याची दखल घेतो. धरायला पक्की मूठ हवी, पाय ठेवायला आधार हवा, आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागचे चाक निम्म्याहून कमी झाकलेले नसावे, असे तो सांगतो. त्यातूनच साडी-गार्ड आले. त्याला धरूनच डाव्या अंगाला, साडी नेसून एका बाजूने बसणाऱ्या बाईच्या दोन्ही पावलांसाठी, एक अरुंद पट्टी असते. गॅरेजमध्ये तिला लेडीज फुटरेस्ट म्हणतात.

ही पट्टी म्हणजे फळीच आहे. कोपरापासून मनगटापर्यंतही लांब नसलेली, पत्र्याची, क्वचित रबर लावलेली. खुंटीच्या बाजूने तावातावाने बोलणाऱ्याच्या गाडीवरही ती असते, कारण एका अंगाने बसलेल्या माणसाला खुंटीवर उभे राहता येत नाही आणि गुडघ्यांनी टाकी आवळता येत नाही. तिला फक्त टेकायला जागा हवी असते, आणि ती तळव्याएवढी असली तरी चालते. चपलेचा पट्टा सांभाळत, एका हाताने पदर आणि दुसऱ्याने मूठ धरून, ती त्या पट्टीवर दोन्ही पाय जुळवून बसते आणि खड्डा आला की बोटे आवळते. नवी गाडी घेतलेला तरुण पहिल्या आठवड्यात गॅरेजमध्ये येतो तेव्हा दोन-चार गोष्टी काढून टाकायला सांगतो, गाडी त्याशिवाय उठून दिसत नाही म्हणून. साडी-गार्ड आणि ती पट्टी त्यात असतातच. मेकॅनिक दोन बोल्ट ढिले करतो, पट्टी कोपऱ्यातल्या भंगाराच्या डब्यात टाकतो, आणि लग्न झाले की तोच गिऱ्हाईक ती परत मागायला येतो.